बोलणं आहे का?

रविवार, दुपार
स्वयंपाकघराच्या टेबलावरून

जी कोणी दार उघडेल तिला,

किल्ली शेजारच्या मास्तरीणबाईंकडे ठेवली होती, ती मिळालेली दिसते. नाहीतर ही चिठ्ठी तुझ्या हातात आलीच नसती.

आई मोठ्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. खुब्याचं हाड मोडलंय. बुधवारी सकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात साधं आहे. त्यांना सगळंच साधं वाटतं, हाड त्यांचं नसतं ना. चष्मा तिच्या उशाशीच ठेव, नाहीतर ती नर्सलाच डॉक्टर समजून सगळ्या तक्रारी सांगते. चहा नको म्हणाली तरी दोन कप कर. नको म्हणते आणि मग तुझ्या कपाकडे बघत बसते. गॅसची डावी शेगडी रुसलेली आहे, उजवीच वापर.

मी आज संध्याकाळी आत जाते आहे. मंत्री अर्थसंकल्पाचं भाषण वाचून संपवत नाहीत तोवर आम्हा छपाईवाल्यांना मंत्रालयाच्या तळघरातून बाहेर पडता येत नाही. फोन नाही, पत्र नाही, खिडकीसुद्धा नाही. घरून दिवसातून एक निरोप घेतात, तोही दारावरच्या साहेबांमार्फत. त्यांचा नंबर फ्रीजवर चिकटवलाय.

मी सुट्टी मागणार होते. आईने नको म्हणून सांगितलं. म्हणाली, "माझ्या एका हाडासाठी अख्ख्या देशाचा खोळंबा करू नकोस." मग तिनेच तुला फोन केला, आणि तुझं उत्तर मला कळवलं, "ताई आत गेली की मी येते." समजलं. माझं तोंड बघायचं नाही तर नाही. चार वर्षं बघितलं नाहीस, अजून थोडे दिवस. पण तू येते आहेस. मला हाक मारायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे हे माझ्यासाठी फार मोठं आहे, एवढंच लिहिते.

ताई

ता. क. तुझा कान तुटलेला कप वरच्या फळीवर आहे. टाकला नव्हता.


सोमवार
तळघर

प्रिय बडबडे,

सवय बघ कशी असते. चार वर्षं तुला हाक मारली नाही आणि पेन उचललं तर हेच नाव आलं.

हे पत्र तुला आत्ता मिळणार नाही. इथे कागद हवे तेवढे मिळतात, पण भाषण संपेपर्यंत त्यातला कपटासुद्धा दाराबाहेर जात नाही. तरी लिहिते. इथे काम नसलं की माणसं पत्ते खेळतात, झोपतात, नाहीतर एकमेकांच्या घोरण्यावरून भांडतात. मला पत्ते येत नाहीत आणि माझ्याशी भांडायला कोणी धजत नाही.

काल दारात काय झालं ते सांगते. आमचे दारवाले साहेब म्हणजे दगडाला मिशा लावाव्यात तसा माणूस. प्रत्येकाला आत घेण्याआधी दोन प्रश्न विचारतात, तेही नेहमी त्याच शब्दांत.

"व्यापारात जवळचं कोणी?"

"बहिणीचे यजमान. फरशा आणि नळ."

"बोलणं आहे का?"

"नाही."

"या आत."

चार वर्षं असं चाललंय. म्हणजे तुझ्या-माझ्या अबोल्यावर मी सरकारच्या विश्वासातली झाले, समजलं का? तुझ्याशी गोडीगुलाबी असती तर मला कदाचित वरच्या मजल्यावर टपालावर शिक्के मारायला बसवलं असतं. या वर्षी मात्र मी स्वतःहून पुढे बोलले. "बोलणं नाही, पण आई इस्पितळात आहे आणि माझ्या घरी बहीण येऊन राहणार आहे." साहेबांनी चष्मा काढला. "भेटलात?" "नाही. मी इथे आल्यावर ती तिकडे पोचणार." त्यांनी जरा विचार केला आणि चष्मा परत लावला. "मग ठीक. या आत."

काम तेच, मुद्रितं तपासायची. माझ्या जोडीला स्वल्पविराम आहेत. खरं नाव मी विसरूनही गेले. ते मजकूर मोठ्याने वाचतात आणि मी छापील कागदावर बोट फिरवते. एकही खूण सुटू नये म्हणून ते सगळं उच्चारतात. "शिक्षण स्वल्पविराम आरोग्य स्वल्पविराम आणि पाणीपुरवठा पूर्णविराम." गेल्या वर्षी इथून सुटल्यावर त्यांनी बायकोला फोनवर, "जेवायला येतो पूर्णविराम" असं सांगितलं म्हणे. तिने तो शब्दशः घेतला आणि दोन दिवस बोलली नाही.

आज पहिला दिवस, म्हणून नुसता आढावा होता. कोणत्या खात्याने काय मागितलं आणि त्याला काय मिळालं. आई नेहमी विचारते ना, "तुमचं हे अर्थमंत्रालय नक्की करतं काय?" मी तिला सांगते, आधी सगळ्यांना नाही म्हणतं आणि मग हळूहळू थोडं थोडं हो म्हणतं. तिला पटतं. म्हणते, "म्हणजे माझंच काम, फक्त इमारत मोठी."

तू पोचलीस का, हे अजून कळलेलं नाही.

ताई


बुधवार, बहुतेक संध्याकाळ

प्रिय बडबडे,

झालं.

दुपारपासून मी एकच ओळ परत परत तपासत होते. स्वल्पविरामांनी शेवटी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जरा पाणी प्या, प्रश्नचिन्ह." तेवढ्यात दारवाले साहेब आले. निरोपाचा कागद हातात देत नाहीत, ते स्वतः वाचून दाखवतात. बातम्या सांगाव्यात तशा आवाजात त्यांनी वाचलं. "ऑपरेशन नीट झालं. आईने शुद्धीवर आल्या आल्या चष्मा मागितला. नर्सने फार बोलू नका म्हटलं तर आई म्हणाली, पाय मोडलाय, तोंड नाही. निरोप समाप्त."

सगळं तळघर हसलं. यंत्रावरचा मोठा छपाईवाला तर डोळे पुसत होता. साहेबांची मिशीसुद्धा जराशी हलली, मी पाहिलं. आणि मी त्या लोखंडी खाटेवर बसून रडले. आनंदाने. लपवत नाही.

हा निरोप तू तोंडी सांगितला होतास, हे मला लगेच कळलं. "शुद्धीवर आल्या आल्या" ही तुझीच बोलण्याची तऱ्हा. इतक्या वर्षांत तुझा आवाज ऐकला तो असा, एका दगडाच्या तोंडून. तरी तो तुझाच होता. तुझे फार उपकार झाले. आईला ऐकवणार नाही, नाहीतर म्हणेल, सख्ख्या बहिणीचे कसले उपकार. पण आहेत. तुझ्यावर सक्ती नव्हती आणि तरी तू आलीस.

आता मन हलकं झालंय तर चार वर्षांपूर्वीच्या त्या जेवणाचा विषयही काढते. तू बोलावलं होतंस, सुट्टीचा दिवस होता, माझ्या आवडीचं सगळं केलं होतंस. जावईबापूंनी ताटावरच विचारलं, "ताई, यंदा परदेशी फरशीचं काय होणार? नुसती मान हलवा." मी अर्ध्या ताटावरून उठले आणि चपला घालून घरी आले. पुढे कर उतरला, भाव पडले, जावईबापूंनी चढ्या भावात भरलेला माल अंगावर आला आणि तुमचं दुसरं दुकान गेलं. तू फोनवर म्हणालीस, "तू नुसतं 'थांबा' म्हणाली असतीस तरी दुकान वाचलं असतं." त्यानंतर फोन बंद.

तुला एक गोष्ट माहीत नाही. मलाही ते माहीत नव्हतं. त्या दिवशी आमचं तळघर अजून सुरूच व्हायचं होतं. पण "मला माहीत नाही" असं मी म्हणाले असते, तर त्याचा अर्थ झाला असता की माहीत असतं तर सांगितलं असतं. म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरली. ते बरोबरच होतं असं मी अजूनही म्हणते. पण तुझं ताट तसं टाकून यायला नको होतं. बसून जेवता आलं असतं आणि गप्पही राहता आलं असतं. दोन्ही जमतं, इथे रोज तेच करते.

मी नवीन असताना आमचे मोठे साहेब सांगायचे, "हे कुलूप सरकारची गुपितं राखायला नाही. बंदरावरच्या बड्या व्यापाऱ्याला आणि गल्लीतल्या टपरीवाल्याला बातमी एकाच घटकेला मिळावी म्हणून आहे. आपला माणूस म्हणून कोणाला आधी सांगितलं, तर दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून ते गेलं समजा." मी तेव्हा मान डोलावली. खरं म्हणजे ते मला तुझं दुकान गेल्यावर समजलं. टपरीवाल्याचं जातं तेव्हा ते दिसत नाही, बहिणीचं जातं तेव्हा दिसतं.

आईला सांग, पाय हलवायचा नाही. ऐकणार नाही, पण सांग.

ताई


गुरुवार

बडबडे,



सकाळी स्वल्पविराम आयात कराचं पान वाचत होते. काय वाचलं ते इथेही लिहीत नाही, पण तुमच्या मालाचं नाव त्या पानावर होतं आणि त्याच्यापुढचा आकडा वर चढला होता. मी बोट फिरवलं, खूण केली, पान पुढे सरकवलं. मनात आलं, चला, या वेळी निदान तुमचा तोटा तरी नाही. दुकानातल्या मालाचा भाव वाढेल.

दुपारी साहेब आले. "आई उठून बसली. हेही इथेच आहेत. दुकान रविवारपासून बंद ठेवलंय, आमची काळजी करू नको. निरोप समाप्त."

मी साहेबांना तो निरोप पुन्हा वाचायला लावला.

तू व्यापाऱ्याची बायको, तुला वेगळं सांगायला नको. भाव वाढणार हे ज्याला आधी कळतं, तो काय करतो? दुकानाचं दार ओढून घेतो. माल दाबून ठेवतो आणि भाषण झालं की नव्या भावाने काढतो. तुझे यजमान आजारी असले तरी दुकान उघडं ठेवणारे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसले होते, त्यावरून आपण किती हसलो होतो. तो माणूस दुकान बंद करून सासूच्या उशाशी बसलाय, आणि नेमकं याच आठवड्यात.

माझ्याकडून काही गेलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. मला ते पान आज दिसलं, दुकान रविवारी बंद झालं. कर नाही त्याला डर कशाला, असं आमच्या मंत्रालयात गमतीने म्हणतात. पण दुसऱ्या कोणाकडून गेलं असेल तर? वरच्या मजल्यावरून? आणि माझं नाव वापरून जावईबापूंना कोणी काही पुरवलं असेल तर? दुपारचं जेवण समोर तसंच होतं. मी भिंतीकडे बघत बसले. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. दारवाल्या साहेबांनी निरोप वाचला, पण त्या पानावर काय आहे हे त्यांना माहीत नाही. पान, निरोप आणि जावईबापूंचा धंदा, तिन्ही माहीत असलेली मी एकटीच.

मी सचिवबाईंकडे गेले.

त्या वरूनच आमच्यासोबत आत आल्या आहेत, कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसतात. बारीक बाई, सर्दी झालेली, हातात सतत रुमाल. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पान तुम्हाला आज दिसलं. मग तुमच्याकडून गेलं नाही."

"माझ्याकडून नाही. पण कोणाकडून गेलं असेल तर तुम्हाला कळायला हवं."

"बहीण आहे ना तुमची?"

"हो. सख्खी."

"आणि आत्ता तुमच्या आईजवळ तीच आहे?"

"तीच आहे."

त्यांनी फोनच्या खोलीची किल्ली काढली. तुमच्या गावच्या कर कार्यालयाकडे चौकशी होणार. उत्तर येईपर्यंत मी मुद्रितं तपासायची नाहीत, वेगळ्या खोलीत राहायचं आणि घरचा निरोपही घ्यायचा नाही.

आईची उशी सारखी करणाऱ्या बाईचं नाव मी आज सरकारला दिलं. ते तोंडातून बाहेर पडताना मला कळत होतं मी काय करतेय. चार वर्षांपूर्वी ताट सोडून उठले, त्याचा तुला एवढा राग आला. याचा किती येईल?

ताई


शुक्रवार

प्रिय बडबडे,

आज निरोप आला असेल, पण मला दिला नाही. नियम म्हणजे नियम, तक्रार नाही. दारवाले साहेब सकाळी चहा घेऊन स्वतः आले, एरवी ते काम त्यांचं नाही. कप ठेवला, दारापर्यंत गेले आणि पाठमोरे म्हणाले, "काळजीचं काही असतं तर मी असा चहा घेऊन आलो नसतो." बस, एवढंच. पण तेवढ्यात आई बरी आहे हे मला कळलं. एखाद्या माणसाला नियम न मोडता दया कशी करायची हे कळतं, याचं मला आज फार बरं वाटलं.

स्वल्पविराम दाराबाहेरून म्हणाले, "नवीन माणूस मुद्रितं तपासायला दिलाय, बाई. मी पूर्णविराम म्हटलं की तो खरंच थांबतो." त्यांना माझी आठवण येते आहे असं मी समजले.

दिवसभर तुझ्याबद्दल विचार केला. तुला लहानपणी काहीही लपवता यायचं नाही. माझ्या वाढदिवसाची भेट आणलीस की दारातूनच ओरडायचीस, "तुझ्यासाठी पेन आणलेलं नाही." अशी तू कोणाचं चोरलेलं गुपित घेऊन माझ्याच घरात, माझ्याच आईजवळ बसशील? नाही. जावईबापू? त्यांनी तेव्हा विचारलं, ते सगळ्यांसमोर, ताटावर, हसत विचारलं. चोरून विचारणारा माणूस तसं विचारत नाही. सकाळी भीती वाटत होती, दुपारपर्यंत खात्री झाली की तुम्ही असं करणार नाही. मग दुकान बंद का? तेवढं मात्र सुटत नाही.

आज मला निकालापेक्षा तूच जास्त हवी होतीस. आधी निकाल, मग तू, असं आता मनात राहिलेलं नाही.

ताई


शनिवार

माझी बडबडे,

सचिवबाईंनी बोलावलं. मी आत गेले तर त्या चष्मा पुसत होत्या आणि सर्दी वाढलेली वाटली. नंतर लक्षात आलं, सर्दी नव्हती.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमच्या मेहुण्यांच्या गोदामाला सील आहे."

 "कोणी लावलं?"

"त्यांनी स्वतः लावून घेतलं. रविवारी, तुमच्या बहिणीला घेऊन गाडीत बसण्याआधी. कर कार्यालयातल्या निरीक्षकाला सुट्टीच्या दिवशी घरून उठवून नेलं. म्हणाले, माझी मेहुणी अर्थसंकल्पाच्या छपाईवर आहे, माझी बायको तिच्या घरी राहायला जाते आहे. उद्या भाव चढो की पडो, कोणी तिच्याकडे बोट दाखवता कामा नये. भाषण होईपर्यंत माझा एक नगही विकला जाणार नाही आणि एकही विकत घेतला जाणार नाही. लावा सील आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा."

"आणि निरीक्षकाने ऐकलं?" मी विचारलं.

"निरीक्षक म्हणाला, कायद्यात अशी काही सोय नाही. तर ते म्हणाले, कायद्यात नसेल, आमच्या घरात आहे." सचिवबाईंनी रुमाल नाकाला लावला. "शटरवर पाटी लावली आहे म्हणे. 'अर्थसंकल्पापर्यंत दुकान बंद. उघडल्यावर आतला माल जुन्याच भावाने.' म्हणजे भाव चढला तरी त्यांना फायदा नको. बाई, मी इतकी वर्षं या खात्यात आहे. आम्ही लोकांना कुलपं लावतो आणि लोक ती चुकवतात. कोणी आपणहून लावून घेतलं, असं मी पहिल्यांदा ऐकलं."

मग मला कळलं, "ताई आत गेली की मी येते" म्हणजे काय ते. माझं तोंड बघायचं नाही म्हणून नव्हे. आत जाण्याआधी आपली भेट झाली असती, तर दारात मला "भेटलात का?" या प्रश्नाला हो म्हणावं लागलं असतं. तुम्ही तो प्रश्न ओळखला होतात. दारवाल्या साहेबांना कधी पाहिलंही नाहीत आणि त्यांचा प्रश्न ओळखलात.

दुपारी मला परत खुर्चीवर बसवलं. स्वल्पविरामांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "स्वागत उद्गारचिन्ह." त्यानंतर साहेबांनी राहिलेले दोन्ही निरोप एकदम वाचले. आईने वॉर्डातल्या सगळ्यांचे आजार पाठ केलेत आणि जावईबापूंना भाजी चिरता येत नाही. निरोप समाप्त.

तुझी,
ताई


रविवार, दोन आठवड्यांनी
पुन्हा स्वयंपाकघराच्या टेबलावरून

प्रिय बडबडे,

तुम्ही काल गेलात आणि घर कसं सुनं झालंय. आई आता घरी आलीय, म्हणते, "बाई गं, आता मी कोणाला ओरडू?" मी म्हटलं, मी आहे ना. तर म्हणे, "तू ऐकून घेतेस, त्यात मजा नाही."

ही सगळी पत्रं एका लिफाफ्यात घालून पाठवते आहे. तू इथे असताना हातात द्यायचा धीर झाला नाही. गुरुवारचं पत्र वाचशील तेव्हा तुला कळेल की मी तुमचं नाव वर दिलं होतं. घरी आल्यावर मी ते सांगितलं नाही, कारण तू दारातच मला बोलू दिलं नाहीस.

तुला आठवतंय ना? मी भाषण संपल्यावर तळघरातून वर आले, उजेडाने डोळे दिपले, रिक्षा करून थेट घरी. तू दार उघडलंस. तुझे केस किती पांढरे झालेत. मी तयारी करून आले होते, आधी क्षमा मागायची, मग आभार मानायचे, मग सगळं सांगायचं. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "आता विचारायला हरकत नाही ना?"

मी म्हटलं, "काय?"

"आत जेवायला काय देत होते?"

झालं, माझी सगळी तयारी गेली वाहून. आपण दोघी उंबऱ्यात उभ्या राहून हसलो आणि मास्तरीणबाई काय झालं म्हणून बाहेर आल्या.

मग तू ताट वाढलंस. तेच सगळं, त्या दिवशीचं. तू काही बोलली नाहीस आणि मीही ओळखलं असं दाखवलं नाही. जावईबापू समोर बसले, भात वाढता वाढता म्हणाले, "ताई, आज मी काही विचारणार नाही. पण उठायचं नाही." मी उठले नाही. दोनदा वाढून घेतलं. रडत जेवलं की घास लागतो, हे मला माहीत नव्हतं. जावईबापूंनी पाणी दिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

तुम्ही दोघं वेडे आहात. आता दुकान उघडलं असेल, लोकांची रांग लागली असेल आणि जुन्या भावाने माल जात असेल. तो संपला की नवा वाढीव कर भरून भरावा लागेल, खिशाला चांगलीच चाट बसेल. एकदा माझ्या गप्प राहण्याने तुमचं दुकान गेलं, आता माझं नाव राखायला तुम्ही आपल्या हाताने घालवताय. हे मी कसं फेडणार? आईला विचारलं. ती म्हणाली, "फेडायचं कशाला? घरातल्याचं फिटत नसतं, ते नुसतं लक्षात ठेवायचं." मग लक्षात ठेवते. धन्यवाद हा शब्द मी आयुष्यात हजारदा छापून तपासला असेल. आज पहिल्यांदा तो मला अपुरा वाटला. तरी घे. जावईबापूंनाही दे.

आणि गुरुवारचं पत्र वाचून राग आला तर येऊ दे. माझं काम तेच होतं आणि पुन्हा वेळ आली तरी मी तेच करीन, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण या वेळी फोन ठेवून देऊ नकोस. गाडीत बस, इथे ये आणि समोर उभी राहून हवं तेवढं भांड. तुझा कप घासून ठेवलाय.

काल सचिवबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी तुम्हाला आत घ्यायचं की नाही, याचा वर विचार होईल. अशी माणसं घरात असताना घ्यायला काहीच हरकत नाही, असं त्यांचं मत. पण नियम नियम आहे. मी म्हटलं, होऊ दे विचार. वर्षं गेली त्या तळघरात, तिथली एकेक खाट मला ओळखते. नाही घेतलं तर वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या वर्षी दारवाले साहेब चष्मा सावरून विचारतील, "व्यापारात जवळचं कोणी?" मी सांगेन, बहिणीचे यजमान, फरशा आणि नळ.

"बोलणं आहे का?"

"आहे साहेब. रोज आहे. आणि ती फार बोलते."

तुझी,
ताई